फुटतं, पण आंबट न्हाई

मे महिन्यातली संध्याकाळ होती. निडेवाडीच्या दूध केंद्राचा पत्रा अजून तापलेला होता, म्हणून माणसं बाहेर लिंबाखाली उभी होती आणि रांगेत त्यांचे कॅन तेवढे होते. आपला कॅन टेबलाशी आला की ज्यानं त्यानं पुढं यायचं, दूध मापून द्यायचं आणि आकडा ऐकून घरी जायचं, अशी तिथली रीत.

केंद्र भीमाशंकरअप्पांचं. टेबलाशी त्यांची सून रुद्राणी बसायची. लग्नाआधी उदगीरच्या कॉलेजात तिनं बीएस्सी केलं होतं. ते शिक्षण आता फॅटच्या मशीनपुरतं उरलं होतं. मागच्या पंधरवड्यात मात्र टँकरवाल्यांनी एक नवी पेटी आणून दिली. तीत काचेच्या नळ्या, स्पिरिटची बाटली आणि केशरी औषधाची एक लहान बाटली होती. उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून कुणी त्यात सोडा टाकतं, ते ओळखायची ही परीक्षा. औषध थोडं, म्हणून रोज रांगेतले काही कॅन तेवढेच तपासायचे. एका कॅनात सोडा निघाला तर अख्खा टँकर परत येईल, असं ते बजावून गेले होते.

सुकन्याचा कॅन पुढं आला. रुद्राणीनं नळीत दूध घेतलं, तेवढंच स्पिरिट ओतलं, वर केशरी औषधाचे थेंब सोडले आणि नळी हलवली. इतरांचं दूध मातकट पिवळं होत होतं. हे गुलाबी झालं. रुद्राणीनं नळी उजेडात धरली, खाली ठेवली आणि दुसऱ्या नळीत पुन्हा सगळं केलं. तेही गुलाबी झालं.

"वैनी," ती हळू आवाजात म्हणाली, "दुधात काही टाकलं व्हतं का?"

"न्हाई. कामून?"

भीमाशंकरअप्पा मागं खुर्चीवर बसून पावत्या फाडत होते. ते उठून आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी नळी डोळ्यांजवळ नेली.

"सोडा हाय," ते म्हणाले.

ते काही मोठ्यानं बोलले नव्हते. पण लिंबाखालचं बोलणं थांबलं.

"आम्ही न्हाई टाकत, अप्पा," सुकन्या म्हणाली.

"तू टाकला म्हणायलो का मी? दुधात हाय, येवढंच म्हणायलोय. आज हे दूध घिऊन जा पोरी. टँकरमधी न्हाई घालता येत."

तिनं कॅन उचलला. रोज परत जाताना तो रिकामा असायचा, हातात झुलवत नेता यायचा. आज भरलेला कॅन गुडघ्यावर आपटत होता आणि झाकणाच्या फटीतून दूध पायावर सांडत होतं. लिंबाखालच्या माणसांनी तिला वाट दिली. लागते त्यापेक्षा जास्तच दिली.

घरी सासू, गुरम्मा, चुलीपुढं बसली होती. साठीची बाई, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग. तिनं भरला कॅन बघितला आणि काहीच विचारलं नाही. सुकन्याला ते चमत्कारिक वाटलं. एरवी लोटाभर दूध कमी भरलं तरी म्हातारी दहा प्रश्न विचारायची.

सुकन्याचा नवरा राजशेखर उदगीरहून आला तेव्हा त्याच्या भुवयांवर तुरीच्या भुश्शाचा पिवळा थर होता. तो डाळ मिलमध्ये मशीनवर होता. घरची जमीन कोरडवाहू, उन्हाळ्यात तिच्यातून काही निघत नव्हतं. त्याची मजुरी आणि चंद्री म्हशीचं दूध यांवर घर चाललं होतं. तोंड धुता धुता त्यानं ऐकून घेतलं.

"मिलमधीच कळलं मला," तो म्हणाला. "गावात यायच्या आदी बातमी उदगीरला. आता मला सांगा, टाकला कुणी?"

"मी कॅन धुण्याच्या सोड्यानं धुते," सुकन्या म्हणाली. "त्योच राह्यला आसंल कुठंतरी."

"कॅन काय तू आज धुतलीस व्हय पह्यल्यांदा?"

गुरम्मानं भाकरी तव्यावर उलटली.

"मी टाकलाय," ती म्हणाली. "चिमूटभर. खायचा सोडा."

दोघंही तिच्याकडं बघत राहिली.

"आसं बगू नका. मी काय पाणी वतलं का दुधात? म्हैना झाला, दूध चुलीवर ठिवलं की फुटायलंय. उन्हाचं आंबायलंय, दुसरं काय. केंद्रावर जाईस्तवर नासलं तर? म्हणून टाकते. भज्यात टाकतोच की आपण."

"अव्वा, लोक म्हणत्यात राजशेखरच्या घरी भेसळ करत्यात," राजशेखर आईला म्हणाला. "मिलमधी मला मुनीम इचारून राह्यला."

"मला काय मालूम आसं हाय म्हणून. मला वाटलं नासण्यापरीस बरं."

राजशेखरनं ताट ओढून घेतलं, पण त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. सुकन्याचंही नव्हतं. ती वेगळाच विचार करत होती. चिमूटभर पांढरी पूड कॅनभर दुधात विरघळली, तरी रुद्राणीच्या नळीला ती कशी दिसली?

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी झाल्यावर ती सोड्याची पुडी घेऊन बसली. कालचं आंबट ताक वाटीत घेतलं आणि त्यात सोडा टाकला. ताक फसफसून वाटीच्या काठावर आलं, थोडं बाहेर सांडलं, मग शांत झालं. तिनं बोट बुडवून चाखलं. आंबटपणा पार उतरला होता. चव सपक, थोडी खारट लागत होती. तिनं आणखी सोडा टाकला. आता फेस आला नाही आणि चव साबणासारखी झाली.

तिला लुगड्यावरचा हळदीचा डाग आठवला. साबण लागला की तो लाल होतो, पाण्यानं खळबळला की परत पिवळा. तिनं हळदीचं पाणी केलं. त्यात सोडा टाकला तर ते तांबूस झालं, धुण्याचा सोडा टाकला तर चांगलंच लाल. मग ती त्या लाल पाण्यात चिंचेचं पाणी थेंब थेंब सोडत गेली. बराच वेळ काही झालं नाही. आणि मग एका थेंबाला सगळी वाटी पिवळी.

"काय करून राह्यलीस?" गुरम्मानं पडल्या जागेवरून विचारलं.

"आंबट किती आन् सोडा किती, ते बगायलेय."

"कळलं का?"

"बराबरी झाली की दोन्हीबी उरत न्हाईत."

गुरम्मा उठून बसली. वाटीतलं पाणी तिनं डोळे बारीक करून बघितलं. "आजून येक डाव कर," ती म्हणाली. सुकन्यानं सोडा टाकून पाणी लाल केलं, चिंचेनं पिवळं केलं. तिसऱ्यांदा म्हातारीनं चिंचेची वाटी स्वतःच्या हातात घेतली.

त्याच संध्याकाळी सुकन्या केंद्रावर लवकर गेली. रांग लागली नव्हती. रुद्राणी टेबल पुसत होती आणि अप्पा पेपर वाचत होते. तिनं दोघांनाही खरं ते सांगून टाकलं. सासूनं सोडा टाकला होता. फुटतंय म्हणून टाकला, फसवायला नाही. आजच्या दुधात काही नाही, कॅनही नुसत्या कढत पाण्यानं धुतलाय.

अप्पांनी पेपरची घडी केली. "सांगितलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "गल्लत व्हती माणसाच्या हातून. आण दूध."

रुद्राणीनं नळी भरली, स्पिरिट घातलं, थेंब टाकले. सुकन्या टेबलावर वाकून बघत होती. पांढऱ्यात केशरी उतरलं, फिरलं, आणि सगळी नळी गुलाबी झाली. कालच्याएवढी नाही, फिक्कट. पण पिवळी नव्हे.

अप्पा नळीकडं नाही, सुकन्याकडं बघत होते.

"अप्पा, आईची आन, ह्यात काही न्हाई."

"काल बी तू हेच म्हणालीस," ते शांतपणे म्हणाले. "आन् आज म्हणतीस, काल व्हता. उद्या काय म्हणशील? पोरी, तुमच्या घराशी माझं वैर न्हाई. पण माझ्या मागं गावाचं दूध हाय. केंद्रावरचा तुमचा नंबर मी बंद करायलोय. ऱ्हाऊ दे थोडे दिवस."

काल तिला राग आला होता. आज तोही आला नाही. खरं बोलून ती खोटी पडली होती.

दोन दिवसांत ते सगळ्या गावाला कळलं. सोमवारी महादेवाच्या अभिषेकाला चंद्रीचं दूध जायचं, गुरम्माच्या सासूपासूनची ती चाल होती. पहाटे गुरम्मा तांब्या घेऊन देवळात गेली तर पुजारी स्वामींनी दुसऱ्याकडून दूध आधीच आणवलं होतं. "आज झालं बगा, अव्वा," ते म्हणाले, तिच्याकडं न बघता. म्हातारी तांब्या पदराखाली घेऊन परत आली आणि दिवसभर तिनं तोंडात पाणी घेतलं नाही.

राजशेखरनं वेगळाच विषय काढला. "हाळीच्या गुरांच्या बाजारात नेतो चंद्रीला," तो म्हणाला. "दूध कुणी घेणार न्हाई तर म्हैस कशाला सांभाळायची? चारा काय फुकट येतो का?"

"तिनं काय केलंय?" सुकन्या म्हणाली.

"कुणीच काही केलं न्हाई. तरी दूध गुलाबी व्हतंय."

हे तो चिडून बोलला होता. पण सुकन्याला ते वाक्य जसंच्या तसं खरं वाटलं. कुणीच काही केलेलं नाही, तरी दूध गुलाबी होतंय. मग करतंय कोण?

घरात आता दूध पडून होतं. तिनं चुलीवर पातेलं ठेवलं. उकळी यायच्या आधीच दुधात बारीक कण दिसायला लागले, मग गोळे झाले. फुटलं. तिनं खाली उतरवून, निवल्यावर पळीभर पाणी चाखलं. पुन्हा चाखलं. मग गुरम्माला दिलं.

"अव्वा, आंबट हाय का?"

म्हातारीनं जिभेवर घोळवलं. "न्हाई."

"आंबट न्हाई तर फुटलं कसं?"

दूध फुटलं की आंबलं, हे गुरम्मानं जन्मभर धरून ठेवलं होतं. महिनाभर ती सोडा टाकत होती तो आंबटपणा मारायला. दुधात आंबटपणाच नसेल तर सोड्यानं मारलं काय?

दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सुकन्या पदर डोक्यावरून घट्ट ओढून भीमाशंकरअप्पांच्या घरी मागच्या दारानं गेली. अप्पा झोपले होते. रुद्राणी शेवया वाळत घालत होती.

"मी भांडायला आले न्हाई," सुकन्या म्हणाली. "मला येक इचारायचंय. हळदीनं बी सोडा कळतो. मी दुधात हळद टाकून बगितली, लाल झाली न्हाई. तुझ्या औषधात मात्र गुलाबी. कामून?"

रुद्राणीनं शेवयांवरचा हात काढला. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावरून केंद्राच्या टेबलामागचा कोरडेपणा गेला.

"हळदीला जोर लागतो वैनी. सोडा लई आसंल तरच ती बदलती. हे औषध हळवं हाय, जरासं झालं तरी पकडतं." ती ओसरीच्या कडेला बसली. "दूध तसं जरासं आम्लच आसतं, मालूम हाय का?"

"दूध तर गोड लागतं."

"जिभेला कळत न्हाई येवढं. त्यात सोडा म्हणजे अल्क गेला की दोघं येकमेकाचा जोर मारत्यात. थोडा वायू बुडबुड्यानं निघून जातो, मागं राहतं खारट पाणी. त्यापरीस सोडा जास्ती झाला की दूध त्या अंगाला कलतं. मग हे औषध गुलाबी." ती थांबली. "मला बी येक खटकून राह्यलंय. पह्यल्या दिवशी तुमचं दूध चांगलं गुलाबी व्हतं आन् नळी साफ व्हती. दुसऱ्या दिवशी फिक्कट गुलाबी, आन् काचेला बारीक कण चिकटलेले. सोड्याचं दूध आसं फाटत न्हाई स्पिरिटमधी. मी अप्पांना म्हणले. ते म्हणाले, लाल तर झालं ना."

"मंजी हा सोडा न्हाईच?"

"मला न्हाई मालूम," रुद्राणी म्हणाली. "खरंच न्हाई मालूम."

रुद्राणीनं वाळत घातलेल्या शेवयांवर फडकं टाकलं.

"माझ्या डोळ्यापुढं म्हैस पिळाल का?" रुद्राणीनं विचारलं.

"आत्ता चल म्हणलीस तर आत्ता."

रुद्राणीनं पेटी पदराखाली घेतली. सासऱ्यांना विचारलं नाही.

चंद्री गोठ्यात ओल्या मातीत बसली होती. उन्हात तिला गारवा वाटावा म्हणून गुरम्मा खालची जमीन सारखी भिजवून ठेवायची. त्यांनी तिला उठवलं. रुद्राणीनं स्वतः पातेलं धुतलं, पुसलं, वास घेऊन बघितलं. सुकन्यानं कास धुतली आणि पिळायला बसली. चंद्रीनं एकदा पाय झाडला. रुद्राणी बाजूला उकिडवी बसून धार बघत होती. पातेल्यात धारेशिवाय काही पडलं नाही, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं. नळीत घेतलं. फिक्कट गुलाबी.

"तर मग टाकत न्हाई कुणी," ती म्हणाली. तिचा आवाज जरा बदलला होता. "हे आतूनच येतंय."

"पाणी तर न्हाई? गावच्या बोअरचं पाणी खारं हाय. भांड्याला पांढरं चढतंय."

हौदातलं पाणी नळीत घेतलं. औषध टाकलं तर ते चांगलं गुलाबी झालं. सुकन्याला वाटलं, सापडलं. पण रुद्राणी मान हलवत राहिली.

"हेच पाणी आमची म्हैस पिती. सगळं गाव पितं. तिच्या पोटातून रक्तात आन् रक्तातून दुधात यायला पाणी म्हणजे काय पाइप हाय का सरळ?"

गुरम्मा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं विचारलं, "आगं पण चारी सडांचं सारखं आसतं का?"

दोघी वळल्या.

"कामून, अव्वा?"

"ती पाय झाडती ना, तो उजवीकडचं मागलं पिळताना झाडती. म्हैना झाला. मला वाटलं गोचीड चावला आसंल."

सुकन्या घरात गेली आणि स्टीलच्या चार वाट्या घेऊन आली. एकेका सडाचं दूध एकेका वाटीत पिळलं. वाट्या ओट्यावर मांडल्या, पुढच्या दोन पुढं, मागच्या दोन मागं, कासेला असतात तशा. रुद्राणीनं प्रत्येकीत स्पिरिट ओतलं आणि थेंब सोडले. पहिली पिवळी. दुसरी पिवळी. तिसरी पिवळी. चौथीत दूध आधी दाणेदार फाटलं आणि मग गुलाबी होत गेलं, पातेल्यातल्यापेक्षा कितीतरी गडद.

गुरम्मानं त्या सडाची एक धार तळहातावर घेतली आणि जीभ लावली.

"खारट हाय," ती म्हणाली.

तिनं कासेवरून हात फिरवला, दाबला. "पण दगडीचा रोग म्हणावं तर कास मऊ हाय. तापली न्हाई. दगडी झाली की धोंड्यावानी लागती हाताला, मी बगितलीय."

रुद्राणीनं तिथूनच जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. तालुक्याला त्यांचा दवाखाना होता. तिनं सगळं सांगितलं, वाट्या, स्पिरिट, खारट चव. पलीकडून डॉक्टर बराच वेळ बोलत होते आणि ती "हो, हो" म्हणत होती. मग तिनं फोन ठेवला.

"दगडीच हाय," ती म्हणाली. "दगडीची सुरुवात. बाहेरून दिसत न्हाई. सडाला आत सूज आली की रक्तातलं खारं पाणी दुधात झिरपतं. रक्त जरासं अल्काकडं झुकलेलं आसतं. म्हणून दुधाचा आम्लपणा जातो, म्हणून गुलाबी. आन् क्षार बिघडले म्हणून तापवलं की फुटतं."

"आंबायच्या आदीच," सुकन्या म्हणाली.

"हाव. आंबायच्या आदीच."

गुरम्मा हळूच खाली बसली. तिच्या डोक्यात काय चाललंय ते दोघींना कळेना. थोड्या वेळानं ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "म्हैस सांगत व्हती मला. दूध फुटून सांगत व्हती. आन् मी सोडा टाकून ते झाकून ठिवलं."

सुकन्यानं चंद्रीपुढं कडब्याची पेंढी टाकली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी सडात औषधाची नळी सोडली, सुई दिली. पिळल्यावर सडाचं तोंड काही वेळ उघडं राहतं, त्यात ओल्या मातीतली घाण शिरते, म्हणून पिळणं झालं की हिला लगेच बसू देऊ नका, पुढं चारा टाका, उभी राहील, असं सांगितलं. आणि औषध चालू आहे तोवर, पुढंही मी सांगेपर्यंत, कुठल्याच सडाचं दूध कुणाला घालू नका, घरीही खाऊ नका, असं बजावलं.

राजशेखर हाळीच्या बाजाराचं परत बोलला, पण आता त्याच्या बोलण्यात जोर नव्हता. "काय सांगून इकणार?" गुरम्मानं विचारलं. तो गोठ्यात गेला आणि खालची ओली माती फावड्यानं ओढून काढायला लागला. अंधार पडेपर्यंत तो काढत होता. मिलचा भुस्सा अंगावर तसाच होता. नंतर त्यानं नदीकडून कोरडा मुरूम आणून टाकला.

रोज दोन वेळा दूध पिळायचं आणि परसात खड्ड्यात ओतायचं, हे काम गुरम्मानं आपल्याकडं घेतलं. सुकन्या ओतते म्हणाली तरी तिनं ऐकलं नाही. ओतताना ती "शिवा शिवा" म्हणायची आणि तोंड फिरवायची. मुंग्या आल्या, मांजरं आली, तिनं त्यांना हुसकलं आणि खड्ड्यावर माती लोटली.

रुद्राणीनं घरी अप्पांना सगळं सांगितलं होतं. पेटी न विचारता नेली, तेही सांगितलं. ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी, पावत्या फाडता फाडता, म्हणाले, "डॉक्टरनं सोडलं की दूध आणा म्हणावं त्यांना. चारी सडांचं वेगळं बगून घे आदी."

डॉक्टरांनी दूध घालायला परवानगी दिली तेव्हा आभाळ भरून यायला लागलं होतं. चौथ्या सडाचं दूध आता पिवळं व्हायचं, पण येत होतं निम्मंच. ते परत पुरतं येईल असं डॉक्टर म्हणाले नाहीत. चंद्रीला आता तीन-साडेतीन सडांची म्हैस धरून चालायचं, असं घरात ठरलं.

त्या संध्याकाळी कॅन गुरम्मानं उचलला. सुकन्या मागून गेली. म्हातारी केंद्रावर कित्येक वर्षांत आली नव्हती. लिंबाखालची माणसं बाजूला झाली. तिनं कॅन रांगेत ठेवला आणि लिंबाखाली न जाता तिथंच कॅनापाशी उभी राहिली. पाळी आल्यावर रुद्राणीनं नळी भरली, थेंब टाकले. मातकट पिवळं.

"माप," अप्पा म्हणाले. "नंबर चालू कर रुद्राणी."

"थांबा," गुरम्मा म्हणाली. ती रांगेकडं वळली. "माझं ऐकून घ्या. सोडा मीच टाकला व्हता. माझ्या सुनेला मालूम नव्हतं. दूध फुटायलं म्हणून टाकला. आमच्या म्हशीला आतून दगडी व्हती, म्हणून फुटत व्हतं. येकेका सडाचं वेगळ्या वाटीत पिळलं तवा कळलं. सोड्यानं फुटायचं थांबलं आन् दुखणं वाढलं. त्ये सड गेल्यात जमाय."

"कशाला सांगता अव्वा, झालं ते झालं," अप्पा म्हणाले.

"सांगू द्या मला. आजून कुणाचं फुटत आसंल."

कुणी हसलं नाही. रुद्राणीनं दूध मापलं, आकडा सांगितला. गुरम्मानं रिकामा कॅन सुनेच्या हातात दिला.

रांगेत त्यांच्यामागं मलप्पाचा कॅन होता. मलप्पा म्हणजे गावाबाहेर, गावंदरीच्या पलीकडं राहणारा कमी बोलणारा म्हातारा. दोन म्हशी, घरात बाईमाणूस नाही. रुद्राणीनं नळी त्याच्या कॅनाकडं नेली तेव्हा त्यानं झाकणावर हात ठेवला.

"आज ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

त्यानं कॅन उचलला, रांगेतून बाहेर काढला आणि भरलेला तसाच घेऊन निघाला. आणखी दोन कॅन मागं त्यांच्या मालकांनी पायानं हळूच बाजूला सरकवले.

सुकन्या आणि गुरम्मा वळणावर पोचल्या तेव्हा मलप्पा तिथं थांबला होता. त्यानं कॅन खाली ठेवला होता आणि तो उपरण्यानं मान पुसत होता.

"वाट्या किती लागत्यात म्हणालात?"

"चार," सुकन्या म्हणाली. "येका म्हशीला चार."

"माझ्याकडं दोनच हायत."

"मी आणते."

दुसऱ्या दिवशी दुपारी रुद्राणी पेटी घेऊन निघाली, या वेळी सासऱ्यांना सांगून. सुकन्यानं पितळेच्या आणि स्टीलच्या मिळून आठ वाट्या फडक्यात बांधल्या. गुरम्मा म्हणाली, मीबी येते. मलप्पाच्या गोठ्यात एकच खिडकी होती आणि तिच्यातून उन्हाची पट्टी थेट ओट्यावर पडली होती. मलप्पानं पिळलं. रुद्राणीनं थेंब सोडले, एकेका वाटीत, घाई न करता. मग चौघंही खाली वाकून, मधे बोट न घालता, कुठली वाटी काय रंग धरते ते बघत राहिली.